बदल्यांचा मोसम

जून लागला की काउंटरवरचा माझा फोन थरथरायला लागतो. खोकल्याचं औषध घ्यायला आलेली बाई ताटकळते, मी चष्मा कपाळावरून खाली ओढतो आणि बघतो, तर समोरच्या बेकरीतून मुश्ताकचा मेसेज आलेला असतो: ‘माजघरात कोण?’ एवढंच. पुढे तीन प्रश्नचिन्हं. रस्त्यापलीकडे बसलेला माणूस, हाक मारली तर ऐकू येईल, पण हा प्रश्न तो दर वर्षी फोनवरच विचारतो. आणि दर वर्षी मी मनाशी ठरवतो की यंदा या भानगडीत पडायचं नाही. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात. आपल्या घरात कोण कुठे झोपतं हे धड ठाऊक नसताना इंग्लंडातल्या एका फुटबॉल क्लबाच्या मधल्या फळीची चिंता आपण का वाहायची? असं ठरवतो आणि संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की शटर अर्धं ओढून बेकरीच्या बाकावर जाऊन बसतो.

क्लबाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मे लोक हसतील आणि उरलेले निम्मे कीव करतील. मे महिन्यात आमचं हरून झालेलं असतं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा हरायला सुरुवात करायची असते. मधल्या काळात खेळाडूंची देवघेव चालते, कोण येणार, कोण जाणार, आणि तेवढेच काय ते आमचे सुखाचे दिवस. खरं सांगायचं तर आता त्या सुखाचाही कंटाळा आलाय. तरणाबांड कुणीतरी येणार म्हणून दोन महिने बोलायचं आणि शेवटी यायचा कोण, तर कुणीतरी दुसऱ्याने टाकलेला, मांडी आखडलेला बाप्या. कर्म आमचं.

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं मेडिकल आणि मुश्ताकची बेकरी समोरासमोर आहेत. पावसाळ्यात त्या बेकरीइतकी कोरडी जागा अख्ख्या गावात नाही. बाहेर पत्र्यावर धो धो चाललेलं असतं, गटाराचं पाणी पायरीला लागलेलं असतं, घरोघरी कपडे वाळता वाळत नाहीत आणि बुरशीचा वास येतो. पण मुश्ताकच्या भट्टीमागची भिंत गरम असते. तिला पाठ लावून बसलं की कंबरेला शेक मिळतो. नानकटाईचा वास, ओल्या छत्र्यांचा वास, पलीकडच्या दुकानातल्या सुकटीचा वास, सगळे एकमेकांत मिसळून येतात. मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्र्यांखाली झाकलेल्या असतात, श्रीवर्धनला येणारे पाहुणेही पावसाने परतलेले असतात. अशा दिवसांत माणसाने बोलायचं नाही तर करायचं तरी काय?

‘माजघर’ हा शब्द चौगुले सरांचा. सर मूळचे कोल्हापूरचे, आमच्या इथल्या मराठी शाळेत मास्तर. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल, तिथे पोरगं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं. सर त्यांच्या तालमीच्या संघात मधल्या फळीत खेळलेले. आमच्याकडे बदलून आले तेव्हा आम्ही नुसते गोल झाला की ओरडणारे लोक. सरांनी बिस्किटं मांडून आम्हाला खेळ समजावला. पुढे अंगण, मागे परसू, आणि मध्ये माजघर. पाहुण्याला अंगण दिसतं, चोर परसातून येतो, पण घर चालतं ते माजघरातून, असं त्यांचं म्हणणं. तिथे तीन माणसं लागतात: एक अडवणारा, एक धावणारा आणि एक नजर असलेला. आमच्या क्लबाकडे वर्षानुवर्षं तिघेही धावणारेच आहेत, आणि ते कुठे धावतात हे त्यांचं त्यांनाही माहीत नाही.

सरांना ‘ट्रान्सफर’ म्हटलेलं चालत नसे. बदली म्हणा, म्हणायचे. मला वाटतं, तो शब्द त्यांच्या तोंडात सतत घोळत असायचा म्हणून. कोल्हापुरात त्यांची आई एकटी. वडील लवकर गेलेले, भावंडं नाहीत. सरांचं लग्न जमता जमता राहिलेलं, कारण मुलीकडचे विचारायचे की कोकणातून इकडे कधी येणार, आणि सर खोटं बोलायचे नाहीत. दर उन्हाळ्यात ते घराकडच्या जिल्ह्यात बदली मिळावी म्हणून अर्ज करायचे, दर उन्हाळ्यात नाव लागायचं नाही. आईचं हृदय दुबळं. तिच्या गोळ्यांची नावं सर मला विचारायचे, म्हणून तिची तब्येत कुठवर उतरत चाललीय हे मला कळत होतं. ती आहे तोवर घरी पोचायचं, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला आयुष्याकडून हवी होती.

बदली हा शब्दही एक नमुनाच आहे. आमच्यातला चौथा, नरेश, आतल्या गावचा, भातशेतीवाला, माणगावच्या बाजूला कारखान्यात कंत्राटावर जातो. त्याचे वडील मुंबईत गिरणीत ‘बदली’ होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, एखादा कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत, सगळे आले तर घरी. दुसऱ्याला ताप यावा अशी वाट बघण्यात बापाची जवानी गेली, असं नरेश एकदा सांगत होता. मुश्ताकने बारा गावचं पाणी प्यायलेलं. आखाती देशांत भट्टीवर उभं राहून त्याने वयाची चांगली वर्षं काढली, तिथल्या खोलीत दहा देशांच्या माणसांबरोबर फुटबॉल बघायला शिकला. तो म्हणतो, आमची कसली बदली, आमची नुसती रवानगी. माझं म्हणाल तर मी जन्मलो इथे, दुकान घातलं इथे आणि मरणारही इथेच. माझी बदली शटरच्या आतून शटरच्या बाहेर.

मला जो मोसम आठवत राहतो, त्या वर्षी आमचा कर्णधार क्लब सोडून सौदीला गेला. त्याला आम्ही मुकादम म्हणायचो. तो स्वतः फार पळायचा नाही, पण बाकीच्यांना कामाला लावायचा. तो गेला आणि नरेशच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. पैशासाठी गेला म्हणून नरेश त्याला शिव्या घालत होता. मुश्ताकला ते लागलं. पैशासाठी गेला तर काय गुन्हा केला, आम्ही काय हवा खायला गेलो होतो, असं तो तापून म्हणाला आणि दोन दिवस दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. सरांनी मध्ये पडून समजूत घातली. म्हणाले, गेला त्याचं जाऊ द्या, त्याच्या जागी कोण ते बोला.

मग सबंध आषाढ तेच. एक दाढीवाला होता, कुठल्याशा थंड देशातला, शांत डोक्याचा, डाव्या पायाचा. सरांना तो फार आवडायचा. मुश्ताकचं म्हणणं, एवढा सज्जन चेहऱ्याचा माणूस अडवणार काय? नरेश त्या दिवसांत लावणीसाठी रजा टाकून घरी होता, संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन मोटारसायकलवर भिजत यायचा. त्याने एकदा फार शहाणपणाचं सांगितलं. रोप एका खाचरातून उपटून दुसऱ्यात लावलं की आठ दिवस पिवळं पडतंच, माणूस घाबरतो, पण मूळ धरलं की मग बघत राहावं. नवीन खेळाडूला शिव्या घालायची घाई करायची नाही. सर त्यावर हसले आणि म्हणाले की मी इथे येऊन इतकी वर्षं झाली, अजून पिवळाच आहे.

सर रोज संध्याकाळी आईला फोन करायचे. बेकरीच्या पडवीत एका कोपऱ्यातच रेंज येते, आणि तिथेही आवाज तुटतो, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून ते मोठ्याने बोलायचे. आम्हाला त्या माउलीचं सगळं तोंडपाठ होतं. जेवलास का, पाऊस हाय का, आणि शेवटी, बदलीचं काय? सर म्हणायचे, बघू. ती म्हणायची, बघ. रोज असंच. त्या वेळी आम्ही मुद्दाम आमच्या गप्पा चालू ठेवायचो, सरांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून.

त्या दिवशीही फोन चालूच होता. आई म्हणत होती की आज पायाला सूज जरा जास्त आहे. आणि रस्त्यातून नरेश भिजत, फोन वर धरून धावत आला. दाढीवाल्याचं पक्कं झाल्याची बातमी त्याने वाचली होती. सरांचा लाडका म्हणून ती आधी सरांना सांगायची घाई. पडवीत पाय ठेवता ठेवता ओरडला, “सर, झाली! बदली झाली!”

फोनमधून काही क्षण नुसती खरखर आली. मग आईचा आवाज आला, पण रोजचा नव्हे. “झाली? झाली व्हय रं? आरं माझ्या लेकरा. आंबाबाईनं ऐकलं रं माझं.” आणि ती रडायला लागली.

नरेशने वर धरलेला फोन खाली घेतला. सरांनी फोन तोंडाजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. मला वाटलं, आता सांगतील की आई, ती फुटबॉलची गोष्ट, आमची आपली चावट मंडळी. तोंड उघडलंही त्यांनी. पण तिकडे ती शेजारणीला हाका मारत होती, पोरगं येतंय म्हणून सांगत होती, आणि इतक्या वर्षांत आम्ही तिला असं मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“व्हय आई,” सर म्हणाले. “झाली.”

फोन बंद झाला. मुश्ताक आत जाऊन उगाच रिकामे ट्रे एकावर एक रचत बसला. नरेश पायरीवर पावसात उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. सर भट्टीच्या भिंतीला टेकून बसले होते. मी चहा मागवला, तो तसाच निवला. आणि वर कडी म्हणजे दुसऱ्या दिवशी कळलं की ती बातमीही खोटीच. डॉक्टरी तपासणीत दाढीवाल्याच्या गुडघ्यात काहीतरी निघालं आणि व्यवहार फिसकटला. एरवी आम्ही त्यावर आठवडाभर छाती बडवली असती. तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

आता सांगायचं काय? तिकडे आईचे गल्लीत पेढे वाटून झाले होते. सरांनी आईला सांगितलं की बदली झालीय, पण माझ्या जागी दुसरा माणूस आल्याशिवाय इथून सोडत नाहीत. हे काही अगदीच पदरचं नव्हतं. असं होतंच मास्तरांच्या बाबतीत, हुकूम हातात असतो आणि माणूस वर्ष वर्ष सुटत नाही, कारण शाळा उघडी कुणी ठेवायची? त्यामुळे आईला पटलं. रोजचा प्रश्न तेवढा बदलला. बदलीचं काय, हे गेलं, आणि ती विचारू लागली, “आला का मानूस?” सर म्हणायचे, नाही आला. इकडे आमचा क्लबही मुकादमाच्या जागी माणूस शोधत होता आणि तोही येत नव्हता. एकाच बाकावर दोन्ही चौकशा चालायच्या, आणि खरं सांगतो, मला त्या ऑगस्टमध्ये फुटबॉलचा वीट आला.

एकदा तिने मुश्ताकला फोन द्यायला सांगितलं. मुश्ताकने आधी डोक्यावरची टोपी सारखी केली, जणू ती समोर बसली होती. तिने विचारलं की तुमच्याकडचे साहेब माझ्या पोराला सोडत का नाहीत. मुश्ताक खोटं बोलताना नेहमी अडखळतो. पण त्या दिवशी तो म्हणाला, अम्मा, कोकणातला पाऊस ऐकून नवीन मास्तर डरतात, पाऊस थांबू दे, कुणीतरी येईल, इन्शाल्ला. त्यावर ती हसली. म्हणाली, “न्हाई सोडायचे. चांगल्या मानसाला कोन सोडतंय?” हे बोलताना तिच्या आवाजात जो अभिमान होता, त्याने आमची सगळ्यांची मान खाली गेली. वर्षानुवर्षं नाव न लागणाऱ्या मुलाची आई होती ती, आता हव्याहव्याशा माणसाची आई झाली.

गणपतीत सगळं कोकण घराकडे येतं. सर त्या दिवसांत उलट दिशेने जायचे. त्या वर्षी जाताना मला म्हणाले, भाऊ, आता खरं सांगून येतो, हे ओझं नको. परत आले. चार दिवसांनी बोलले. आईने मधल्या खोलीला चुना मारून घेतला होता, सामान हलवून त्यांच्यासाठी पलंग टाकला होता, खुंटीवर वडिलांची छत्री होती ती काढून जागा मोकळी केली होती. पायाची सूज तशीच, पण घरभर फिरून दाखवत होती. त्यांना सांगवेना. मी विचारलं नाही की बरोबर केलंत की चूक. औषधं विकणाऱ्याने असल्या प्रश्नात पडू नये.

ती थंडीत गेली. शेजारणीचा फोन आला तेव्हा सर वर्गावर होते. नरेशने कुणाची तरी गाडी मागून आणली आणि त्यांना कोल्हापूरला नेऊन पोचवलं. तेरावा करून सर परत आले आणि आमच्याजवळ बाकावर येऊन बसले. जानेवारीत महिनाभर पुन्हा खेळाडूंची देवघेव चालते. त्या वर्षी क्लबाने कुणाला घेतलं, कुणाला सोडलं, मला आजही सांगता येणार नाही. नरेशने तर नंतर बातम्या सांगणंच सोडलं. वाचायचा, फोन खिशात टाकायचा. त्याच्या मनात ते ओरडणं अडकून राहिलं होतं. सरांनी त्याला कधी बोल लावला नाही, पण बोल लावला नाही म्हणून माणूस सुटतो थोडाच?

सर मात्र त्यानंतरही दर उन्हाळ्यात अर्ज भरत राहिले. मी एकदा विचारलं, आता कशाला? म्हणाले, सवय. मला ते समजलं. मीही त्या क्लबाचे सामने सवयीनेच बघतो. आवडतं म्हणून बघायचे दिवस कधी संपले कळलंही नाही. आपण नक्की कशाची वाट बघत होतो हेच पुढे आठवत नाही, नुसती वाट बघणं उरतं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मुश्ताकच्या प्रश्नावर आमचं दळण सुरू झालं होतं. एक विशीतला पोरगा येणार म्हणतात, फार हुशार आहे, पण आमच्याकडे येऊन हुशारी टिकवलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. पाऊस तिरपा लागत होता, मुश्ताक पडदा खाली सोडत होता. सर चष्मा लावून फोनमध्ये बघत होते. बघता बघता म्हणाले, “झाली.”

मुश्ताकने पडदा सोडत विचारलं, कोण आला? सर म्हणाले, “कुणी आलं नाही. मी चाललो.”

मला अर्थ लागायला वेळ लागला. मग मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि त्यावरचा बदलीचा हुकूम वाचला. खरंच होतं. नाव होतं, शाळा होती, गाव त्यांचंच होतं, घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ. तोंड गोड करायला बेकरीत काय कमी होतं? पण मुश्ताकचा हात बरणीकडे गेला आणि तसाच राहिला. तिकडे कोल्हापुरात चुना मारलेली खोली आणि तिच्या दाराला कुलूप.

सरांनी फोन माझ्याकडून परत घेतला आणि ते उठले. पडवीच्या त्या कोपऱ्यात गेले, जिथे रेंज येते. फोन कानाशी नव्हे, नेहमीसारखा तोंडासमोर धरला. पाठ आमच्याकडे होती. आम्ही बघत होतो आणि आम्हा तिघांनाही कळत होतं की ते काय करताहेत, आणि त्यांना अजून कळलेलं नव्हतं. मग त्यांचा हात खाली आला. परत येऊन बाकावर बसले.

“एवढी वर्षं ठरवलं होतं, झाली की पहिल्यांदा कुणाला सांगायचं,” म्हणाले. “आता सांगू कुणाला, भाऊ?”

मुश्ताक पडद्याची दोरी धरून उभा होता. नरेश पायरीजवळ बसला होता, तो सरकत सरकत सरांच्या पायाशी आला. त्या मोसमानंतर त्याने या विषयावर तोंड उघडलेलं मी ऐकलं नव्हतं.

“आईला मी कवाच सांगितलंय, सर,” तो म्हणाला.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.